न घेतलेली दुनळी

बंदुकीचा माझ्या साडूइतका विचार केलेला आणि आयुष्यात एकही बार न काढलेला माणूस अख्ख्या कॅनडात सापडायचा नाही. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं धड काम म्हणजे ग्वेल्फबाहेरच्या एका बंदुकांच्या दुकानात घालवलेला शनिवार. त्यानंतरही आम्ही भेटतो, पण आता तो माझ्याकडे आल्यावर कोट काढत नाही.

चार वर्षं तो बंदूक निवडत होता. एकच घ्यायची, पण ती घराच्या राखणीलाही चालली पाहिजे आणि बदकं मारायलाही. वहीत रकाने पाडलेले. "अण्णा, बारा बोअर घेतली तर खांदा जातो, आणि वीस बोअर घेतली तर बदक हसतं," असं तो मला समजावायचा. मी सातवी शिकलेला वेल्डर, मला बदकाचं मन काय कळणार? त्याच्या बापाकडे गावी ठासणीची दुनळी होती, म्हणून याला दुनळीच हवी होती. दुकानातला म्हातारा म्हणाला, घरासाठी नळी आखूड लागते, बदकांसाठी लांब. साडू म्हणाला, "मग मधली द्या." म्हाताऱ्यानं सांगितलं, बदकांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, स्टीलचेच लागतात, आणि जुनी दुनळी ते सोसत नाही. शिवाय घरात बंदूक रिकामी करून कुलपात ठेवायची, काडतुसं वेगळ्या कुलपात. साडू हबकला. "म्हणजे चोराला म्हणू का, बस बाबा, चहा घे, मी दोन किल्ल्या शोधतो?" हे त्यानं इंग्रजीतही सांगितलं. म्हाताऱ्याला हसता हसता चष्मा काढावा लागला. म्हणाला, घरासाठी कुत्रा पाळ.

आमच्या भागात तेव्हा रविवारी शिकारीला बंदी होती. याला सुट्टी शनिवार-रविवारची, आणि शनिवारी मारुतीचा उपास. त्यानं तोडही काढून ठेवली होती. "शनिवारी मारायचं, फ्रीजमध्ये टाकायचं, रविवारी खायचं. मारुतीला खाल्लेलं चालत नाही, मारलेल्याबद्दल तो काही बोललेला नाही." तोवर सराव म्हणून ड्राइव्हवेत बर्फ काढायचं फावडं खांद्याला लावायचा, वरून जाणाऱ्या बदकांवर एक डोळा मिटून "ठो!" म्हणायचा. वीस वर्षं त्याच्या शेजारी राहणारे सरदारजी पलीकडून ओरडायचे, "गिर गया जी, गिर गया!"

दुकानात गेलो त्याच वर्षी मार्चमध्ये माझी बायको गेली. तेव्हापासून साडू रोज संध्याकाळी डबा घेऊन यायचा, कोट खुंटीला लावायचा आणि माझं ताट रिकामं होईपर्यंत छर्‍यांचे नंबर सांगत बसायचा. मी जेवावं म्हणून ही बडबड होती, हे मला कळत होतं.

लायसनच्या फॉर्मवर दोन साक्षीदार लागायचे. एक मी, एक सरदारजी. आणि बायकोची सही. ती सही मेहुणीनं माझ्याच टेबलावर केली. "घ्या हो एकदाची! ड्राइव्हवेतलं ठो-ठो तरी बंद होईल," म्हणून हसली. दोघी बहिणी एकाच शाळेत शिकलेल्या. अक्षर अगदी हिच्यासारखं. याला सही करायला बायको आहे, एवढंच डोक्यात राहिलं.

पुढच्या आठवड्यात लायसनच्या ऑफिसातल्या बाईचा मला फोन आला. या माणसाबद्दल तुम्हाला काही काळजी वाटते का? नो म्हणायचं होतं. तेवढं इंग्रजी मला येतं. मी म्हणालो, हो. त्याचं डोकं ठिकाणावर नसतं, चिडतो फार, गॅस चालू ठेवून फिरायला जातो. तो जन्मात कुणावर चिडलेला नाही. आणि गॅस चालू राहिला होता तो माझ्या घरी, दोनदा, आणि दोन्ही वेळा बंद त्यानंच केला होता.

नकाराचं पत्र आलं त्या दिवशीही तो डबा घेऊन आला. कोट खुंटीला लावला. "अण्णा, एका साक्षीदारानं माझ्याविरुद्ध सांगितलं असं लिहिलंय, नाव नाही. साक्षीदारानंच घात केला म्हणायचा. तुम्ही तर घरचे. म्हणजे सरदारजीच. आज सकाळी त्यांनी हाक मारली, मी वळूनसुद्धा बघितलं नाही." पहिल्यांदाच तो छर्‍यांबद्दल काही बोलला नाही. मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी वांग्याची भाजी वाढून घेतली. त्याच्यासमोर बसून सगळा डबा संपवला. फोनवर बोललो त्याहून मला त्या जेवणाची जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून निघालो. सरदारजी बर्फ काढत होते. त्यांना हाताला धरून साडूच्या दारात नेलं आणि बेल दाबली. त्यानं दार उघडलं. दोघांना एकदम कळावं म्हणून आधी हिंदीत सांगितलं, "मैंने बोला था." मग साडूला मराठीत सांगितलं. मराठीत सांगायला फार वेळ लागला.