छबूबाईनं निवडलेला पेपर

कुरुळीच्या शिवारात, चाकणकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगेपासून हाकेच्या अंतरावर छबूबाईची रोपवाटिका आहे. दोन पॉलिहाऊस, म्हणजे लोखंडी पाइपांचे सांगाडे आणि त्यांवर ताणून बसवलेलं प्लास्टिक. या धंद्यातले लोक त्या प्लास्टिकला पेपर म्हणतात. आत कंपन्यांच्या आवारात आणि सोसायट्यांच्या बागांत लावायची रोपं वाढतात. नवरा बबनराव आकुर्डीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बोलायला मऊ. रोपं पोचवायचं काम त्याचं, बाकी सगळं छबूबाईचं.

पेपर मात्र बरीच वर्षं तिच्या मर्जीचा नव्हता. तो रणजीत देई. रणजीत तिच्या थोरल्या जावेचा, दुर्गाबाईचा मुलगा. तीन कंपन्यांचं भंगार त्याच्या हातात होतं आणि ते त्यानं कसं मिळवलं हे गावात कुणी मोठ्यानं विचारत नसे. कंपन्यांमधून टाकून दिलेले पॅकिंगच्या प्लास्टिकचे रोल तो आसपासच्या रोपवाटिकांना विकायचा. एका माळ्यानं नको म्हटलं, तर चार दिवसांत त्याच्या टेम्पोच्या काचा फुटल्या. दुसऱ्यानं नको म्हटलं, तर फाट्यावरच्या टपरीपाशी त्याचे पुढचे दोन दात पडले. मग नको म्हणणारं कुणी उरलं नाही. छबूबाईनंही घेतला. घरचा पोर आहे, त्याला कसं नाही म्हणायचं, असं ती स्वतःला सांगायची. खरं म्हणजे तीही भ्यायली होती.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात दुपारी वळवाचं वारं सुटलं. आधी धूळ आली, मग पत्रे वाजायला लागले. रणजीतचा पेपर जेमतेम दहा महिन्यांचा होता, तरी उन्हानं कडक होऊन पिवळा पडला होता. वाऱ्याच्या पहिल्याच धक्क्यानं तो माथ्यापासून फाटला. फाटलेली पट्टी चाबकासारखी सांगाड्यावर आपटायला लागली. खाली जालन्याकडची रंभा होती. आठ वर्षं छबूबाईकडे कामाला, नवऱ्यामागं दोन मुली एकटीनं वाढवणारी. ट्रे झाकायला ती धावली. पेपर खाचेत दाबून धरणारी तारेची नागमोडी स्प्रिंग त्या झटक्यात सुटली आणि सणाणत येऊन रंभाच्या डाव्या डोळ्यात घुसली.

छबूबाई पोचली तेव्हा रंभा गुडघ्यांवर बसली होती. तारेचं टोक डोळ्यातच होतं, दुसरं टोक हवेत हलत होतं. रंभानं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि हळू आवाजात म्हणत होती, "मावशी, ओढू नका. कुणाला ओढू देऊ नका."

बबनरावानं रोपांच्या टेम्पोतून तिला पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मोशीपर्यंत रस्ता तुंबलेला होता. छबूबाईनं सगळी वाट रंभाचं डोकं मांडीवर दाबून धरलं, की हादऱ्यानं तार हलू नये. डॉक्टरांनी जीव वाचवला. डोळा काढावा लागला.

आठवड्यानं रणजीत आला, नव्या रोलचं विचारायला. रंभाबद्दल छबूबाईनंच काढलं.

"वारं काय मी सोडलं व्हतं का काकी?" तो म्हणाला.

"वारं न्हाई. पेपर तुझा व्हता."

"पेपर समद्यांना तोच देतो मी. बाकीच्यांचे डोळे हायेत की जाग्यावर."

त्या दिवसापासून छबूबाईनं एक काम मनाशी धरलं. नारायणगावच्या बाजूच्या एका मोठ्या रोपवाटिकेत ती गेली, तळेगावच्या गुलाबवाल्यांकडे गेली. जिथं जाईल तिथं विचारायची, तुमचा पेपर किती वर्षं टिकतो, आणि एक हातभर तुकडा मागून घ्यायची. असे सहा तुकडे जमले. सातवा रणजीतचा. सगळे तिनं घराच्या पत्र्यावर ताणून बांधले आणि पुढच्या वर्षीचा सगळा उन्हाळा तिथंच ठेवले. दर पौर्णिमेला शिडी लावून वर जायची आणि प्रत्येक तुकड्यात अंगठा दाबून बघायची.

रणजीतचा तुकडा तिसऱ्या पौर्णिमेला पापडासारखा मोडला. दोन तुकडे धुरकटले. एकातून ऊन भाल्यासारखं थेट आत यायचं, त्याखाली ठेवलेल्या जास्वंदीची पानं करपली. उरलेल्या तिनांपैकी एक तिला पटला. दोनशे मायक्रॉन जाडीचा, उन्हाचा मारा सोसण्यासाठी औषध घातलेला, दुधाळ. त्याखाली उजेड विखरून पडायचा, रोपाच्या बुडापर्यंत. सकाळी आतून जमणारं पाणी त्यावरून ओघळून कडेला जायचं, पानांवर ठिबकायचं नाही, म्हणून बुरशीही धरत नव्हती. तापलेला पाइप पेपर जाळतो हेही तिला तळेगावात कळलं, म्हणून तिनं सांगाड्याचे पाइप जिथं पेपर टेकतो तिथं पांढऱ्या रंगानं रंगवून घेतले.

एवढं स्वतःपुरतं करून ती थांबली असती तर कदाचित निभावलं असतं. पण श्रावणात रोपवाटिकावाल्यांची बैठक होती, तिथं तिनं सातही तुकडे टेबलावर मांडले आणि म्हणाली, "ज्याला पाहिजे त्यानं अंगठा लावून बघा." माणसं एकेक करून उठली. रणजीतच्या तुकड्याचा उरलेला भाग पहिल्याच अंगठ्याला मोडला, मग त्याचे तुकडे मोडत राहिले. त्या महिन्यात पाच जणांनी रणजीतचे रोल परत पाठवले.

दुर्गाबाई निरोप घेऊन आली. दारातच उभी राहिली.

"छबे, त्याचं डोकं फिरलंय. तू त्याची माफी माग."

"माफी कशाची, जाऊबाई?"

"ते मला न्हाई माहीत. पर माग. मी आई हाय त्याची, मला त्याची भीती वाटती. तुला वाटत न्हाई व्हय?"

"वाटती," छबूबाई म्हणाली. "म्हनूनच आता थांबता येत न्हाई."

नवा पेपर चढवायचा दिवस दसऱ्यानंतरचा धरला. सकाळी वारा पडलेला असताना पेपर वर ओढला आणि दुपारपर्यंत एक बाजू बसली. बबनराव शिडीवर होता, खाचेत स्प्रिंग दाबत. छबूबाई आणि रंभा खालून पेपर ताणून धरत होत्या. शेजारच्या रोपवाटिकेतली दोन माणसं मदतीला आली होती. तेवढ्यात फाटकातून गाडी आत आली. रणजीत आणि आणखी दोघं उतरले. तिघांच्या हातांत कोयते होते.

रणजीतनं सरळ जाऊन शिडीला लाथ मारली. बबनराव दहा फुटांवरून सिमेंटच्या पायावर पडला. त्याच्या मांडीचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मदतीला आलेली माणसं कुंपणाकडे पळाली. दोघा साथीदारांनी नव्या पेपरवर कोयते चालवायला सुरुवात केली. ताणलेला पेपर कोयता लागताच फाटत वरपर्यंत जायचा. मग त्यांनी ट्रे उपडे केले, रोपं बुटांनी तुडवली, पाण्याची टाकी फोडली. चिखल झाला आणि त्या चिखलात बबनराव ओरडत पडला होता.

रणजीत त्याच्याकडे वळला. "काका, तुला सांगितलं व्हतं, बायकोला आवर," असं म्हणून त्यानं मोडलेल्या मांडीवर पाय दिला.

रंभा त्याच्या अंगावर गेली. डावीकडचं तिला दिसत नव्हतं. त्यानं डाव्या बाजूनंच कोयता फिरवला. तो तिच्या खांद्यात बसला. ती पडली, पण पडताना त्याचा पाय धरला आणि सोडला नाही. त्यानं कोयता पुन्हा उचलला.

पेपरचा रोल ज्यावर गुंडाळून आला होता तो लोखंडी पाइप बाजूला पडला होता. छबूबाईनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि रणजीतच्या मनगटावर घातला. कोयता उडून चिखलात पडला. हात भलत्याच जागी वाकला. रणजीत गुडघ्यांवर आला. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "काकी, बास."

छबूबाईनं पाइप पुन्हा उचलला. तो हात त्यानं पोटाशी धरला होता, तिथंच, त्याच हातावर तिनं दुसरा घाव घातला.

नंतर तिनं पाइप टाकला नाही. साथीदार दोघं गाडीकडे पळाले तरी ती तशीच उभी होती. रंभानं खालून तिची साडी ओढली तेव्हा ती भानावर आली आणि पदर फाडून रंभाच्या खांद्याला बांधायला लागली.

पोलिसांनी दोन्ही बाजूंचे गुन्हे नोंदवले. रणजीत आणि साथीदार आत गेले. छबूबाईला जामीन मिळाला. बबनरावाच्या मांडीत सळई घातली. रंभाच्या खांद्याला सव्वीस टाके पडले. गावातली वजनदार माणसं घरी यायला लागली. एकाच रक्ताची माणसं, दोन्ही केसा मागं घ्या, म्हणायची. बबनराव पलंगावरून म्हणाला, "घ्यायच्या का गं?" छबूबाई म्हणाली, "रंभाला विचारा." रंभा बाजूच्या खोलीत होती. तिनं तिथूनच सांगितलं, "मी न्हाई घेत. तुम्हाला घ्यायची तर घ्या." मग तो विषय संपला.

छबूबाईचा वकील तरुण होता. त्यानं तिला नीट समजावलं, की स्वतःच्या बचावासाठी मारलं असं सांगायचं, सुटाल. खेडच्या कोर्टात तिला विचारलं गेलं तेव्हा तिनं पहिल्या घावाचं तसंच सांगितलं. मग पुढं म्हणाली,

"दुसरा बचावाचा नव्हता साहेब. तो बास म्हनला व्हता. कोयता हातात नव्हता. दुसरा मी रागानं घातला."

वकिलानं डोळे मिटले. साहेबांनी ते लिहून घेतलं.

पुढं वर्षभर तारखा पडत राहिल्या. दोन्ही केसा एकाच दिवशी लागायच्या, म्हणून दोन्ही जावा एकाच बाकावर यायच्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. एकदा दुर्गाबाई समोर बघतच म्हणाली, "मनगट वळत न्हाई त्याचं. डॉक्टर म्हनला, एका माराचं हाड जुळलं असतं."

"मला ठावं हाय," छबूबाई म्हणाली.

"झोप लागती का तुला?"

"न्हाई लागत."

दुर्गाबाईनं मान हलवली. त्या दिवशी त्यांच्यात एवढंच बोलणं झालं.

निकालात रणजीतला पाच वर्षांची शिक्षा लागली, साथीदारांना तीन-तीन. छबूबाईवरचा गुन्हाही सिद्ध धरला, पण झालेलं सगळं आणि तिनं स्वतःहून दिलेली कबुली बघून कोर्टानं चांगल्या वागणुकीचं बंधपत्र लिहून घेऊन तिला सोडलं. रोपवाटिकावाले बाहेर थांबले होते. त्यांच्यातले बरेच जण आता पेपर घ्यायचा तर आधी तिला दाखवायला आणतात. एकानं हार आणला होता. तिनं तो हातातसुद्धा घेतला नाही.

दुर्गाबाई कपड्यांची पिशवी घेऊन आली होती, पण पोलिसांनी ती रणजीतला देऊ दिली नव्हती. स्टँडवर दोघी एकाच एसटीत चढल्या, वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. चाकणच्या चौकात गाडी बराच वेळ अडकली. कुरुळी फाट्याला दोघी उतरल्या. दुर्गाबाई पिशवी घेऊन पुढं चालायला लागली. त्या पिशवीच्या मागं मागं चालणं छबूबाईला जमेना, ती थांब्यावरच उभी राहिली. दुर्गाबाई वळणाआड जाऊन घराशी पोचली असेल इतका वेळ तिनं जाऊ दिला, आणि मग ती आपल्या वाटेला लागली.