टिपणीसबाईंची तेवीस गुणांची परीक्षा

रोह्यात श्यामला टिपणीस हे नाव सांगितलं तर कुणी चटकन ओळखणार नाही. टायपिंगबाई म्हटलं, की रिक्षावाला न विचारता दमखाडीत त्यांच्या दारात नेऊन सोडतो. एकतीस वर्षं त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास चालवला. तालुक्यातल्या कचेऱ्यांत आणि धाटावच्या कंपन्यांत बसलेल्या निम्म्या कारकुनांची बोटं त्यांनीच सरळ केली. मी त्यांच्याकडे दोनदा नापास झालो आणि तिसऱ्या खेपेला एका गुणाने पास. तो गुण मी मिळवलेला आहे, आपण दिलेला नाही, हे बाईंनी मला दोनदा बजावून सांगितलं होतं.

पुढे सरकारी परीक्षेतून टाईपरायटरच गेले आणि क्लास बंद पडला. बाईंनी एक यंत्र ठेवून बाकीची देऊन टाकली. पण हात स्वस्थ बसेनात. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत त्या ओट्यावर बोटं चालवत असत.

त्यांचे यजमान रघुनाथराव धाटावच्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला. आता रेडिओवाल्यांना बोलायची हौस असते असा आपला समज, पण रघुनाथराव मितभाषी. त्यांनी धरली रेडिओटेलिटाईप. यात तोंड उघडायचं नसतं. संगणकावर टाईप करायचं, अक्षरांचे दोन सूर होतात, ते हवेतून जातात आणि तिकडे कुणाच्या तरी पडद्यावर पुन्हा अक्षरं उमटतात. ऐकायला ते पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या रातकिड्यासारखं लागतं. घरात या विषयावर बोलायला कुणी असावं म्हणून त्यांनी बाईंनाही परवान्याच्या परीक्षेला बसवलं. बाईंना त्यांच्यापेक्षा अकरा गुण जास्त पडले. त्यानंतर त्या परीक्षेबद्दल घरात कुणी बोलत नाही.

दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी या मंडळींची जागतिक स्पर्धा असते. शनिवारी पहाटे सुरू होते, अठ्ठेचाळीस तास चालते. जितक्या जास्त स्टेशनांशी संपर्क तितके चांगले. प्रत्येक संपर्कात दोनच गोष्टी द्यायच्या-घ्यायच्या: समोरच्याच्या सिग्नलला गुण आणि आपल्या विभागाचा क्रमांक. आपला विभाग बावीस. गुण तीन आकडी असतात. पहिला आकडा वाचता किती आलं याचा, पाचपैकी. दुसरा जोराचा, नऊपैकी. तिसरा सुराच्या स्वच्छतेचा, तोही नऊपैकी. आणि रीत अशी, की सिग्नल कसाही असो, सगळ्यांनी सगळ्यांना पाच-नऊ-नऊ द्यायचं. त्यासाठी संगणकावर एक बटण बांधलेलं असतं. ते दाबलं की काम झालं.

दोन वर्षांपूर्वी स्पर्धेच्या तीन दिवस आधी रघुनाथरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पेणला. डॉक्टरांनी आठवडाभर पडद्याकडे बघायचं नाही म्हणून सांगितलं. पण पेणच्या रेडिओ क्लबात त्यांनी रोह्याचं स्टेशन उतरणार असं सांगून ठेवलेलं. क्लबात सभासद तीन, त्यामुळे माघार घेतली असती तर लगेच कळलं असतं. शेवटी बाई आपल्या परवान्यावर खुर्चीत बसल्या आणि रघुनाथराव काळा चष्मा लावून बाजूच्या खोलीत कॉटवर पडले.

पडद्यावर पहिलंच उत्तर आलं ते विचित्र. आकड्यांऐवजी अक्षरं: टी, ओ, ओ.

"अहो, हा टी-ओ-ओ म्हणतोय."

"हवेत कचरा आहे. परत मागव त्याच्याकडून," रघुनाथराव आतून म्हणाले.

"कशाला? टीच्या डोक्यावर पाच, ओच्या डोक्यावर नऊ. आकड्यांची कळ निसटलीय, दुसरं काय. पाच-नऊ-नऊच आहे."

रघुनाथराव उठून बसले. अकरा वर्षं ते असली उत्तरं परत मागवत होते. टाईपरायटरवरची वरची ओळ त्यांच्या कधी डोक्यातच आली नव्हती.

हे कौतुक पाच मिनिटं टिकलं. सूर ऐकून त्यांच्या लक्षात आलं, की बाईंचं प्रत्येक उत्तर फार लांबतंय.

"श्यामला, एवढा वेळ काय पाठवतेयस?"

"उत्तर."

"उत्तर तीन सेकंदांचं असतं. बटण दाब आणि सोड."

"तुमच्या बटणात मायना नाहीये. अनोळखी माणसाला एकदम आकडा काय फेकायचा?"

बाई प्रत्येकाला 'मान्यवर महोदय, आपला संदेश मिळाला' असं इंग्रजीत रीतसर टाईप करून, मग गुण, मग विभाग, मग 'आपली विश्वासू' पाठवत होत्या. न चुकता, स्वल्पविरामासकट. तोवर वीस-पंचवीस स्टेशनं खोळंबून एकमेकांवर ओरडत होती.

पण खरा घोळ निघाला तो दुपारी. रघुनाथरावांनी सहज विचारलं, "सगळ्यांना पाच-नऊ-नऊच देतेयस ना?"

"छे! जसा पेपर तसे गुण. आत्ताच्या त्या माणसाची चार अक्षरं गेली होती, जोराचा काटा जेमतेम हलला. चार-चार-नऊ. बेरीज सतरा, तेवीसपैकी."

"बेरीज?" रघुनाथराव ओरडले. "अगं, त्याची बेरीज नसते करायची! जगात कुणी करत नाही!"

"म्हणूनच जगाचं हे असं झालंय," बाई म्हणाल्या आणि पुढच्याकडे वळल्या.

सतरा गुण मिळालेले गृहस्थ स्लोव्हेनियातले दंतवैद्य होते, नाव बोरुट. वीस वर्षांत त्यांना कुणी पाच-नऊ-नऊपेक्षा कमी दिलं नव्हतं. त्यांनी तासाभराने पुन्हा हाक मारली. दरम्यान ते गच्चीवर जाऊन अँटेनाची तार ताणून आले होते, असं नंतर कळलं. बाईंनी नीट तपासून अठरा दिले. संध्याकाळी ते परत आले. रविवारी चार वेळा आले. एकाच स्टेशनशी दुसऱ्यांदा संपर्क झाला तर स्पर्धेत त्याला शून्य गुण, हा नियम बोरुटना पाठ होता आणि बाईंनाही रघुनाथरावांनी ओरडून सांगितला होता. दोघांनीही तो कानाआड केला. सातव्या खेपेला पाच-सात-नऊ झाले. एकवीस. बाईंनी लिहिलं, 'प्रथम श्रेणी. अभिनंदन. जोर वाढवावा.'

ही बातमी हवेत कशी पसरली देव जाणे. रविवारी संध्याकाळी जपानपासून कुवेतपर्यंतचे लोक रांगेत उभे राहिले. एकाने आपला मुलगा झाडावर आहे, पाच मिनिटं थांबा असं कळवलं. बाई थांबल्या.

पंधरा दिवसांनी आयोजकांकडून नम्र ईमेल आला: तुमच्या नोंदींत एकशे त्रेचाळीस स्टेशनं आहेत, परंतु तीनशे आठ संपर्क आहेत; संगणकात काही बिघाड आहे काय? बाईंनी उलट टपाली लिहिलं, की संगणक सुस्थितीत असून ज्यादाच्या नोंदी फेरपरीक्षेच्या आहेत. उत्तर आलं नाही. निकालात त्या शेवटून दुसऱ्या होत्या. त्यांच्या खाली जो होता त्याच्याकडे वीज गेली होती.

बाईंना त्याचं काही नव्हतं. बोरुटना त्यांनी टाईपरायटरवर प्रमाणपत्र करून पोस्टाने पाठवलं, आणखी अकरा जणांनाही. त्या प्रमाणपत्रांच्या नकला लावताना मात्र त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी विचारलं, "अहो, मला किती मिळाले?"

"सगळ्यांकडून पाच-नऊ-नऊ."

"एकशे त्रेचाळीस जणांकडून?"

"हो."

"म्हणजे एकानेही पेपर तपासला नाही."

त्यांनी बोरुटना पत्र लिहिलं, की संकोच न करता माझा खरा गुण कळवावा. बोरुट सज्जन माणूस. त्यांनी चार दिवस घेतले आणि कळवलं: तीन-तीन-नऊ. पंधरा.

बाईंच्या आमटीला दोन दिवस मीठ नव्हतं. खरं लागलं होतं ते रघुनाथरावांना. अँटेना त्यांनी बांधलेली. अकरा वर्षांचे हजारो पाच-नऊ-नऊ त्यांनी वहीत उतरवून ठेवले होते, आणि त्यातला एकही खरा नव्हता हे आता घरात दोघांनाही माहीत झालं होतं. मी त्या सुमारास गेलो होतो. रघुनाथराव गच्चीत उभे राहून तारेकडे बघत होते. मला म्हणाले, "अकरा वर्षं सगळे तोंडदेखलं बोलत होते रे माझ्याशी."

तिसऱ्या दिवशी त्यांनी कोलाडहून गोविंदाला बोलावलं. गोविंदा आमच्या आळीतले नारळ उतरवतो. बोलणं आणि चढणं, दोन्हींत वस्ताद.

"ह्या तारेतून काय जातंय म्हंता, काका?"

"अक्षरं."

"करंट नाय?"

"असतो, पण मी सांगितल्याशिवाय नाही."

"मग सांगू नका, मी खाली येईपर्यंत." गोविंदा माडावर चढला. वरून त्याने विचारलं, "हितं बांधू का?"

"अजून वर," बाई अंगणातून म्हणाल्या.

"बाई, हेच्या वर माड नाय. आबाळ हाय."

तार गच्चीच्या दुप्पट उंचीवर गेली. डिसेंबरात बोरुटनी कळवलं, पाच-सहा-नऊ. वीस. बाईंनी मान हलवली आणि त्या दिवशी शिरा केला. रघुनाथरावांनी दोनदा घेतला.

फेब्रुवारीत दुसरी एक स्पर्धा असते. हिच्यात विभागाऐवजी आपल्या संपर्काचा अनुक्रमांक द्यायचा. रघुनाथरावांचा डोळा आता उत्तम होता. यावेळी रोह्याचं स्टेशन ते स्वतः चालवणार आणि बटणं दाबून शहाण्या माणसासारखं चालवणार, असं ठरलं. शिवाय बाईंच्या चुलतबहिणीच्या मुलीचा, किमयाचा, साखरपुडा स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी पेणला होता. बाई सकाळच्या गाडीने गेल्या.

रघुनाथरावांनी झपाट्याने सुरुवात केली. अर्ध्या तासात तीस संपर्क. पण बाईंचं नाव झालेलं, आणि दोघांचा पत्ता एकच. एकतिसाव्या माणसाने विचारलं, मॅडम आहेत का? रघुनाथरावांनी पेणला गेल्याचं कळवलं आणि पाच-नऊ-नऊ दिला. तो म्हणाला, हे मान्य नाही. सप्टेंबरात मला चार-पाच-नऊ मिळाले होते, तीच अँटेना आहे, कृपया पुन्हा तपासा.

असे चार जण झाले. पूर्ण गुण मिळाल्याची तक्रार करणारे! पाचवा ब्राझीलचा, तो तर हलेचना. शेवटी रघुनाथरावांनी पेणला फोन लावला.

तिकडे हॉलमध्ये नुकती अंगठी बाहेर निघाली होती. बाई पहिल्या रांगेत. फोन उचलताना चुकून स्पीकर लागला.

"श्यामला, ब्राझील ऐकत नाहीये."

"काटा कुठवर जातो?"

"सहा."

"अक्षरं किती गेली?"

"एकच."

"सूर ऐकवा."

रघुनाथरावांनी फोन रेडिओला लावला. पेणच्या हॉलमध्ये ब्राझीलचा रातकिडा किर्रकिर्र करू लागला. सनईची कॅसेट कुणीतरी थांबवली. नवऱ्या मुलाचा हात अंगठीसह अधांतरी. मुलाचे काका पुढे झुकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हे काय?"

"ब्राझील," बाई म्हणाल्या. "जरा शांत बसा, सूर कापतोय."

सगळे शांत बसले. भटजीसुद्धा. बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं, "चार-सहा-सात. सतरा. त्याला म्हणावं, वीजपुरवठा बघ."

पलीकडे बटणांऐवजी दोन बोटांनी टाईप केल्याचा आवाज आला. मग रघुनाथराव म्हणाले, "आभार मानतोय. खूश आहे."

"पास झाला का?" मुलाच्या काकांनी विचारलं.

"पास आहे."

काकांनी टाळी वाजवली. मग हॉलमधल्या सगळ्यांनीच वाजवली, आणि त्या गडबडीत मुलाने अंगठी घालून टाकली. फोटोवाल्याला ती मिळालीच नाही, म्हणून पुन्हा काढून घालावी लागली. जेवणाला बसेपर्यंत बाईंना आणखी सहा फोन आले, आणि प्रत्येक वेळी वरपक्षाने पंगत थांबवून निकाल ऐकला. कझाकस्तानचा एक जण नापास झाला तेव्हा काकांना श्रीखंड गोड लागेना.

रात्री आठच्या सुमारास बाई घरी आल्या. रघुनाथरावांनी पाणी आणून दिलं.

"किती झाले?" बाईंनी विचारलं.

"सकाळी तीस. मग दिवसभरात सतरा."

"सतराच?"

"तपासायला वेळ लागतो," रघुनाथराव म्हणाले.

हल्ली स्पर्धेच्या दिवशी त्यांच्या टेबलापाशी दोन खुर्च्या असतात. रघुनाथराव टाईप करतात, बाई गुण सांगतात. दोघांचं एकमत झाल्याखेरीज गुण हवेत जात नाही, त्यामुळे कधीकधी एका फिनलंडवाल्याला वीस मिनिटं थांबावं लागतं. मागच्या खेपेला मी चहा प्यायला गेलो, तर दोघं अर्ध्या गुणावरून भांडत होते. मी म्हटलं, अर्धा गुण या पद्धतीत देता येतो का? दोघांनी एकदम माझ्याकडे वळून सांगितलं, मधे बोलू नकोस.