एका पळीनं काय होते जी

सुदामभाऊंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझा हात भाजला. मी नुकताच बदलून दारव्ह्याला आलो होतो आणि शेजारच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. वांग्याच्या रस्स्याची बादली घेऊन एक उंच, घामाघूम गृहस्थ समोर उभे राहिले. मी ताटावर हात आडवा धरला. त्यांनी पळी सरळ हातावर उपडी केली आणि म्हणाले, "एका पळीनं काय होते जी!" मी ओरडलो, तेव्हा मात्र धावत आत गेले आणि भाजल्या जागेवर तेल आणून चोळलं. तेलावर त्यांचा एकूणच फार विश्वास.

भाऊ तसे चांगले कास्तकार, पण गावाला ठाऊक ते वाढपी म्हणून. लग्न कुणाचंही असो, बादली यांच्याच हातात. रस्स्यावर तरंगणारी तेलाची लाल तर्री पळी तिरपी करून ते अशी उचलत की खालचा रस्सा हलतही नसे. यजमानाची इज्जत ते त्या तर्रीच्या जाडीवरून ठरवत. एका मास्तरांनी पोरीच्या लग्नात कमी तेलाचा रस्सा केला, तर "मास्तरनं पाहुण्यायले आंघोळीचं पानी वाढलं," हे भाऊ पुढची तीन वर्षं सांगत होते. मास्तरांनी दुसऱ्या पोरीच्या लग्नात तेलाचा डबा जास्त आणला.

एकदा गावात हृदयविकारावर शिबिर झालं. एका तरुण डॉक्टरांनी तासभर समजावलं की तेल कमी करा, मीठ कमी करा, पालेभाज्या खा, ज्वारीची भाकर खा, रोज चाला. आम्ही माना डोलावल्या. मग जेवणं झाली आणि ती व्यवस्था अर्थातच भाऊंकडे होती. डॉक्टरांनी दोनदा वाटी पुढे केली. "पाहा, डॉक्टरले तं काही होऊन नाही राह्यलं," भाऊ माझ्या कानात म्हणाले. मी पोट धरून हसलो. त्यांच्या सगळ्याच गोष्टींना मी हसायचो, तेवढंच माझं काम होतं.

पुढच्या हिवाळ्यात तूर काढताना भाऊंच्या छातीत कळ आली. यवतमाळला नेलं, तिथून नागपूरला, आणि दोन स्टेंट घालून परत आणलं. वहिनींनी तेलाची बरणी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. ताटात बिनफोडणीची लौकी, पालक आणि भाकर. "मी बिमार आहो का बैल?" भाऊ गरजले. "बैल आयकते तरी," वहिनी म्हणाल्या.

घरापुरतं हे ठीक होतं. लग्नसराई आली तशा वहिनी माझ्याकडे आल्या. "भाऊजी, पंगतीत ह्यायच्या बाजूले बसजा. कोनी वाढाले आलं का हात आडवा धरजा. ह्यायले 'नाही' म्हनता येत नाही." मी हो म्हटलं.

पहिल्याच लग्नात एक तरणा वाढपी भाऊंसमोर आला. भाऊंनीच तयार केलेला. "घ्या ना भाऊ, एका पळीनं काय होते जी!" भाऊंचा हात ताटावर जाता जाता थांबला. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाचं 'नाही' ऐकून घेतलं नाही, त्याला ते स्वतः म्हणता येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळी पंगत बघत होती, मला यजमानाचा संकोच वाटला, आणि मला हसू आलं. तर्री ताटात पडली. त्या सराईत मग प्रत्येक लग्नात पडली. गावात कोण काय जेवलं, हे त्याच्या घरी त्याच्याआधी पोचतं. वहिनी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

पावसाळ्याआधीच भाऊ गेले. डॉक्टर म्हणाले, हे काही एका जेवणानं झालेलं नाही, फार वर्षांचं साठलेलं होतं. म्हणजे एका पळीनं काही होत नाही, हे भाऊंचं म्हणणं अगदी बरोबर ठरलं.

तेरवीला वांग्याचाच रस्सा होता, आणि तर्री भाऊंना शोभेल इतकी जाड. त्यांचा मोठा मुलगा बादली घेऊन माझ्यासमोर आला. "घ्या काका, बाबायच्या नावानं. एका पळीनं काय होते!" मी ताटावर दोन्ही हात धरले. तो थांबला, पंगत बघू लागली. मी हात काढले नाहीत. शेवटी तो पुढे गेला.

वहिनी दारात उभ्या होत्या.

"धरता येते तं भाऊजी तुमाले हात," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.