आक्काची पहिली मूठ

माझी थोरली जाऊ चांगुणा. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. तरुणपणी ती ओरडली की शेजारच्या वस्तीवरची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत. सासूबाई तिला वचकून असत, तिथं माझी काय कथा! मी आपली गरीब गाय. कुणी ताटातली भाकरी उचलून नेली तरी "राहू द्या" म्हणणारी. घरात आक्काचं तोंड चालायचं आणि माझे हात. बरं चाललं होतं आमचं.

आमचे हे गेले तेव्हाची गोष्ट. मयत न्यायची वाट आमच्या चुलत दिराच्या, काकासाहेबाच्या रानातून जाते. वाडवडिलांपासूनची वाट. पण बांधावरून त्याचं आमच्याशी वाकडं होतं. त्यानं नेमका तो दिवस गाठला आणि वाटेत आडवा उभा राहिला.

"माझ्या उभ्या पिकातून मयत न्यायचं न्हाई. वढ्याकडनं न्या."

ओढ्यात गुडघाभर चिखल. खांदेकरी घुटमळले. "जाऊ द्या, ओढ्याकडून न्या," हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. बायकांनी वस्तीच्या कडेला थांबायचं, ही आमच्याकडची रीत. आक्कानं ती मोडली. वळचणीचं खुरपं ओढलं आणि पळत जाऊन त्याच्यापुढं उभी राहिली.

"भावजी, बाजूला व्हा. न्हाईतर आज दोन मयती निघतील."

काकासाहेब बाजूला झाला. माझा माणूस सरळ वाटेनं गेला.

संध्याकाळी आक्कानं माझा हात धरून बजावलं, "मने, त्या काकासाहेबाच्या घरचं पानी आपल्याला बंद. तू इसरलीस तरी मी इसरू देनार न्हाई."

त्या हिवाळ्यात रानात हुरडा निघाला. आमच्याकडं आगटीत कणसं भाजतात, आणि भाजणारा गरम कणीस हातावर चोळून पहिली मूठ मानाच्या माणसाला देतो. घरातली मोठी माणसं बसलेली असताना आक्कानं ती मूठ माझ्या हातावर ठेवली. विधवेला मान, म्हणून कुजबुज झाली. आक्कानं नुसतं वर पाहिलं, कुजबुज थांबली. तेव्हापासून दर हिवाळ्याला पहिली मूठ माझीच. आणि अबोलाही मी तिच्यापेक्षा कडक पाळला. काकासाहेब समोरून आला की मी पदर ओढून तोंड फिरवायची. राग धरायला जोर लागतो, तो मला तिनंच दिला.

पण इकडं वय झालं तशी आक्का निवळायला लागली. आधी कुत्र्यांना भाकरी टाकू लागली. मग सुनेच्या हातचा खारट रस्सा "चांगला झालाय" म्हणून खाल्ला. मला वाटलं, तब्येत बरी नसेल.

या पौषात हुरड्याला माझी नात पंकजा आली होती. शहरात, सावेडीत राहते, कॉलेजात माणसाच्या मनाचं काहीतरी शिकते. आगटी पेटली, आम्ही बसलो. आक्का मात्र दिसेना. बघते तर त्याच वाटेनं ती येतेय, आणि तिच्या खांद्यावर हात टाकून पाय ओढत काकासाहेब! अर्धांगवायूनं त्याची एक बाजू गेलीय, पोरं पुण्याला. तिनं त्याला माझ्या समोर बसवलं. कणीस भाजलं, चोळलं, फुंकलं आणि पहिली मूठ त्याच्या चांगल्या हातावर ठेवली.

"घ्या भावजी. गरम हाय, जपून."

त्याच्या ओठातून निम्मे दाणे धोतरावर सांडले. आक्का ते वेचून पुन्हा त्याला भरवत होती. मग दुसरी मूठ तिनं माझ्यापुढं केली.

मी उठले आणि घरी आले.

पंकजा मागून पळत आली. "आजी, वयानं माणसाचा स्वभाव बदलतो गं. बहुतेक माणसं मवाळ होतात. अभ्यास झालाय त्याचा."

"मग मी का नाही झाले?"

"सगळीच होतात असं नाही."

"बाई, अभ्यासवाल्यांनी आम्हाला आधी सांगायचं होतं. दोघींनी मिळून बदललो असतो."

दिवस कलल्यावर आक्का पदरात हुरडा बांधून आली. माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर टेकली.

"मने, रागावलीस?"

"तुमीच म्हनला हुता, इसरू देनार न्हाई."

"इसरले न्हाई गं. सगळं आठवतंय. पर आता राग धरवत न्हाई. हातातनं सुटतोय."

"तुमच्या हातातनं सुटला. आन् माझ्या हातात दिला तो मी कुठं ठिवू?"

तिनं हुरडा उंबऱ्यावर सोडला. गार होऊन तो चिवट झालेला. तिच्यावर दया येत होती, आणि दया आली याचाही मला राग येत होता. मी दाण्याला हात लावला नाही.

उठून वळचणीला गेले आणि तिचं ते जुनं खुरपं काढलं.

"ते कशाला?" आक्का म्हणाली.

"तुमाला आता लागत न्हाई. मी नेते."

"गंजलंय की ते. धार न्हाई राहिली." तोंडाचं बोळकं पसरून ती हसली.

"लावून घेते," मी म्हणाले, आणि दार लोटलं.