आली की कडी लावतो

इटलीतल्या पोरांचा धिंगाणा संपेपर्यंत कुवेतमधल्या आपल्या फ्लॅटची कडी न लावणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असणार, आणि तो नेमका माझ्या समोरच्या दारात राहतो. फहाहीलच्या आमच्या बिल्डिंगीत त्यांना सगळे ‘एक्स-रेवाले’ म्हणतात. क्लिनिकमध्ये उभा जन्म लोकांना “श्वास रोखा, हलू नका” सांगण्यात गेल्यामुळे ती सवय घरीही सुटत नाही. माझ्या बायकोनं पोह्यांची बशी पुढे केली, तरी आधी तिला “हलू नका” म्हणतात आणि मगच बशी घेतात. समोरच्याकडे बघताना त्यांची नजर शर्टावर थांबत नाही, थेट बरगड्यांपर्यंत जाते. नव्या माणसाला त्यांच्यासमोर बसून चहा पिणं जड जातं.

त्यांची बायको गावी संगमेश्वरला, आजारी सासूच्या सेवेत. एकुलती एक मुलगी वाढली कुवेतमध्ये, मराठी सगळं समजतं, पण उत्तर अर्धं इंग्रजीत. ती अमेरिकेला कॉलेजात गेली, तेव्हा यांनी ते निमूटपणे पचवलं. तिची रात्र म्हणजे आपला दिवस, मग काळजी कधी करायची हेच कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण त्या कॉलेजनं तिला एका सत्रासाठी फ्लॉरेन्सला धाडलं आणि यांचं गणित बिघडलं. इटलीचं घड्याळ आपल्यापेक्षा थोडंसंच मागे. म्हणजे तिची संध्याकाळ आणि यांची संध्याकाळ जवळजवळ एकच! त्यात ती अमेरिकन पोरं दिवस कलला की घोळक्यानं चौकात जमतात आणि तिथून कुठल्या कुठे जातात, हे त्यांना व्हिडिओ कॉलवर दिसू लागलं. “अहो, तिथं रात्र हाच मुख्य विषय आहे. बाकीचे सगळे ऐच्छिक,” असं त्यांनी मला चिंतेनं सांगितलं.

पण रागावणारा बाप तो नव्हे. पोरीनं तिकडे नारिंगी रंगाचा पेला उंचावला की हे इकडे बाल्कनीत दांड्याच्या काचेच्या पेल्यातून कोकम सरबत उंचावत. तिकडे बशीत ऑलिव्ह म्हणून यांनीही बाजारातून ऑलिव्ह आणले. “दिसायला आवळ्यासारखं, पण आवळ्याचा प्रामाणिकपणा नाही,” म्हणून ते सगळे मला खायला लावले. पोरगी “बाबा, you’re so weird!” म्हणून हसायची आणि मैत्रिणींबरोबर गल्लीत दिसेनाशी व्हायची. मग ते उठून दाराची कडी काढून ठेवत. घरातलं माणूस बाहेर असताना कडी लावायची नाही, ही त्यांच्या आईची शिस्त. माणूस बाजारात गेलंय की इटलीत, असा भेद त्यात नव्हता. बिल्डिंगीचा राखणदार, म्हणजे इथला हारिस, वैतागायचा. “दरवाजा बंद करो, अलीबाबा आयेगा!” चोराला इकडे सगळे अलीबाबाच म्हणतात. हे शांतपणे सांगत, “लडकी बाहर है. आयेगी तो लगायेगा.”

एकदा मी त्यांच्याकडे बसलो होतो. बोलता बोलता ते थांबले. “हलू नका,” हळूच म्हणाले. लिफ्ट कुरकुरत वर आली, आमच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं. मी फटीतून पाहिलं, आत कोणी नव्हतं. मग यांचं लोटलेलं दार थोडं आत सरकलं. हातात चपला घेऊन कोणी खांद्यानं ढकलावं, इतकंच. “आली,” म्हणत ते उठले आणि कडी लावली. मी काही थट्टा करणार, तोच फोन वाजला. पोरीचा मेसेज: “Home. Goodnight Baba.” मी फोनकडे बघितलं, मग कडीकडे. ते मात्र पेले विसळत होते.

पुढे मी हे कितीदा तरी पाहिलं. लिफ्ट जुनी आहे, समुद्राचा वारा असतो, असं मी बायकोला समजावलं. तिनं दाराच्या भोकातून बाहेर बघणं सोडून दिलं.

आणि एकदा मेसेज आधी आला. “Home, Baba. Sleep.” त्यांनी वाचला, फोन पालथा ठेवला आणि बसूनच राहिले.

“आली ना?” मी विचारलं.

“मेसेज आला. ती नाही आली.”

“मग फोन करा!”

“नको. मी झोपावं म्हणून खोटं लिहिलंय हो तिनं. आज पकडली, तर उद्या खोटाही मेसेज यायचा नाही.” बोलताना पेल्यातलं कोकम शर्टावर सांडलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्या माणसाला घाबरलेलं मी प्रथमच पाहत होतो, आणि खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो. लिफ्ट वर गेली, खाली गेली. आमच्याकडे थांबेना. आम्ही दोघंही श्वास रोखून बसलो होतो. फार उशिरा ती थांबली. दार सरकलं. त्यांनी कडी लावली आणि तिथेच कपाळ टेकून रडले. मी समुद्राकडे बघत बसलो.

डिसेंबरात सत्र संपलं आणि पोरगी सुट्टीला फहाहीलला आली. जिन्यात भेटली, तेव्हा मी त्या रात्रीचं विचारलंच. ती दचकली. “काका, please, बाबांना सांगू नका. मेसेज केला आणि नंतर phone died. Friends कुठे गेले कळेना. गल्ल्या सगळ्या सेम. I was so scared. मग एक दार थोडं open दिसलं, आतून light येत होता. तिकडे चालत गेले, तर माझीच बिल्डिंग.” मी बरं म्हटलं आणि कोणाला काही सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी त्यांचा डबा परत द्यायला गेलो. पोरगी आत, तरी कडी काढलेली. “आता तरी लावा की हो!” मी म्हणालो.

“ही आली,” ते आतल्या खोलीकडे बघत म्हणाले. “पण रोज यायची ती अजून आलेली नाही.”

“बाबा, कोण बाहेर आहे? सगळे आत आहोत ना!” पोरगी आतून ओरडली. ते कसनुसं हसले. सुट्टी संपली की ती पुन्हा अमेरिकेला, पुन्हा तिची रात्र आणि यांचा दिवस. दोघांची संध्याकाळ एक होती ते दिवस सरले, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मला फार वाईट वाटलं. लिफ्ट वर आली आणि न थांबता पुढे गेली.

मी घरी आलो. बायको कडी लावायला निघाली होती.

“राहू दे जरा वेळ,” मी म्हणालो. “चुकून आपल्या दाराशी आली तर?”