सांडूच्या इंजिनाची शिट्टी

सांडूला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो टँकरवाल्याच्या डोक्यात पाइपाचं पितळी तोंड हाणत होता. जायकवाडी तळाला गेलं होतं, तो तेरा सालचा उन्हाळा. हर्सूलच्या पुढं, जळगाव रोडला आमची वसाहत नवीन होती. घरं झाली होती, नळ यायचे होते. टँकरवाल्यानं रांग सोडून पाइप वसाहतीतल्या बड्या आप्पासाहेबांच्या हौदात टाकला, एवढंच निमित्त. पहिल्या घावाला कपाळ फुटलं, दुसऱ्याला माणूस चिखलात बसला. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा मी मागून त्याला कवेत आवळलं आणि शाळामास्तराच्या सवयीनं ओरडलो, "खाली बस!"

तो बसला. सांडलेल्या पाण्यात रक्ताचा ओघळ मिसळत होता. शेजारच्या केसरबाईंनी ओघळाच्या जरा वरच्या अंगाला घागर लावली आणि भरून घेतली.

जखमी माणसाला दवाखान्यात नेलं तेही सांडूनंच. मोटारसायकलवर पुढं तो, मध्ये टँकरवाला, मागं मी.

"पागल हो गया क्या रे तू?" टँकरवाला वाटभर म्हणत होता.

"चूप बैठ, नई तो गिरेगा," सांडू म्हणायचा, आणि खड्डा आला की गाडी हळू घ्यायचा.

टाके पडल्यावर मला घेऊन तो स्वतःच्या गल्लीशी आला आणि वळणावर हॉर्न दिला. एक लांब, दोन तोकडे. दार बंदच राहिलं.

"कुणाला इशारा?" मी विचारलं.

"कुणालाच नाय. सवय हाय. बायको पोरीला घेऊन माहेरी गेली, सिल्लोडला. मी तिचं मनगट मोडलं, गुरुजी. पोरीसमोर." हे त्यानं मान खाली न घालता सांगितलं. "पोरगी घरी आली पायजे. बाकी कायबी नको मला."

बायको साळूबाई, मुलगी श्रेया. श्रेया तेव्हा चौथीत होती.

पुढं मी त्याच्या दुकानात बसू लागलो. फाटलेले स्पीकर दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. लग्नाच्या, मिरवणुकीच्या डीजेवाल्यांचे परातीएवढे स्पीकर तिथं भिंतीला टेकून असत. फाटका कागदी पडदा ओरबाडून काढायचा, नवा चिकटवायचा. चिडला तर हातातली पकड भिंतीवर फेकायचा. भिंतीला तिचे खळगे पडले होते. पण पडदा चिकटवताना त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नसे.

त्या उन्हाळ्यात टेबलावर एक वीतभर लांबीचं काळं इंजिन आलं. सिडकोतले विश्वजित पाठक कंपनीत इंजिनिअर होते. गच्चीवरच्या खोलीत त्यांनी छोटी रेल्वे मांडली होती. मीटरगेजच्या दिवसांत स्वतः टेप केलेला वाफेच्या इंजिनाचा आवाज त्यांनी या इंजिनातल्या चिपमध्ये भरला होता. बटण दाबलं की शिट्टी, दाबून धरलं की लांब शिट्टी. पण आत बसवलेला स्पीकर काडेपेटीएवढा, आणि त्यातून आवाज यायचा डबीतल्या माशीसारखा. तो सुधारून द्यायचा होता. सांडूनं एकच अट घातली: काम झालं की एक दिवस इंजिन सिल्लोडला न्यायचं, श्रेयाला दाखवायला.

परीक्षक दुकानातच होता. सांडूचे वडील पुंजाराम मीटरगेजवर ड्रायव्हर होते. आता दोन्ही डोळे गेलेले. खाटेवर काठी घेऊन बसायचे.

"माझी शिट्टी सगळ्यांहून निराळी," ते मला सांगायचे. "दौलताबादचं वळण आलं की एक लांब, दोन तोकड्या. घरी हिनं वळखायचं आन अंघोळीचं पाणी ठेवायचं."

"आन आम्ही खाटंखाली जायचो," सांडू पडदा कापता कापता म्हणाला.

"ते कशाला?"

"बा वढून काढायचा आन मारायचा. पण तेवढा वेळ तर जायचा ना!"

दोघंही हसले. मला हसू आलं नाही.

सांडूनं आधी डीजेचीच रीत लावली. डीजेत आवाज कानाला नाही, छातीला लागावा लागतो. त्यानं इंजिनाला भोकं पाडली, ढब, म्हणजे बेस, वाढवली, आवाज पूर्ण सोडला. इंजिन टेबलावर थरथरत खरखरलं. पुंजारामांची काठी आवाजाच्या अंदाजानं फिरली आणि सांडूच्या कोपरावर बसली.

"ही पिठाची गिरणी हाय, लेका! विंजन कुठं हाय?"

"बा, काठी आवर, नाय तर चुलीत घालीन."

"घाल. दुसरी आणीन."

असं महिनाभर चाललं. दोन स्पीकर फाटले, सांडूच्या हातावर वळ उठले. मग एकदा त्यानं मला बोलावून सुटा स्पीकर हातात धरला. "पडदा पुढं वारा ढकलतो तसा मागंबी ढकलतो, गुरुजी. मागचा वारा फिरून पुढं आला की दोघं एकमेकाला खातात. मागचा कोंडला पायजे." वसाहतीत पाइपांचे तुकडे वाटेल तिथं पडलेले होते. त्यातलं एक प्लास्टिकचं बूच त्यानं घासून घासून लहान केलं, स्पीकरच्या पाठीवर बसवलं आणि कडेनं चिकट द्रव फिरवून हवाबंद केलं. इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात ते नेमकं मावलं. मग ढब काढून टाकली आणि आवाज निम्म्यावर आणला. लहान पडद्याला ढब पेलत नाही, तो नुसता फडफडतो.

संध्याकाळी आम्ही तिघंच होतो. सांडूनं इंजिन चालू केलं. वाफ सुटली, आणि ती डब्यातून नव्हे, लांबच्या रुळांवरून आल्यासारखी वाटली. मग त्यानं बटण दाबलं. एक लांब शिट्टी, दोन तोकड्या.

पुंजारामांचा चेहरा उजळला. "व्हय! हे माझं विंजन! पाणी ठेव गं!"

मी सांडूकडं वळलो तर तो खुर्चीवर नव्हता. टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हात डोक्यावर धरून बसला होता. चाळीशीला आलेला माणूस.

"परत वाजव," म्हातारा म्हणाला. "कुठं गेला रे?"

सांडू बाहेर आला. त्यानं वडिलांच्या हातातली काठी हिसकली आणि त्यांच्या खांद्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. पुंजाराम खाटेवर आडवे झाले, तरी हसू पुरतं मावळलं नव्हतं. काय झालं हेच त्यांना कळलं नव्हतं. दुसरा घाव मी हातावर घेतला. "खाली बस!" म्हटलं, पण या वेळी तो बसला नाही. काठी मोडून त्यानं रस्त्यावर फेकली, मग वडिलांना लेकरासारखं उचललं आणि घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

खांदा बांधून म्हातारा घरी आला. पुढच्या रविवारी सांडू इंजिन पंच्यात गुंडाळून मला म्हणाला, "चला सिल्लोडला. पोरीला आज घेऊनच येऊ. माझ्यातला बा मी त्या दिवशी मारला."

जळगाव रोड रुंद करायला दोन्ही अंगांची झाडं तोडली होती. उन्हात सिल्लोडला पोचलो. साळूबाईंच्या गल्लीच्या वळणावर सांडूनं हॉर्न दिला. एक लांब, दोन तोकडे.

अंगणात लंगडी खेळत असलेली मुलगी धावत आत गेली. आत पातेलं पडल्याचा आवाज झाला.

साळूबाई उंबऱ्यावर आल्या. डावं मनगट किंचित वाकडं होतं. "या, गुरुजी," म्हणाल्या. मग नवऱ्याला, "हॉर्न कशाला वाजवला? पोरगी मक्याच्या पोत्यामागं लपली ना."

"कुठला हॉर्न?"

"तोच. रोज वळणावर वाजवायचा. मग आमाला कळायचं, आला."

सांडू गाडीकडं बघत राहिला. मग त्यानं रस्त्याकडेचा दगड उचलला आणि हॉर्नवर घातला. पुन्हा घातला. पत्रा चेपला, हॉर्न अडकला आणि एकसारखा वाजतच राहिला. सांडूच्या बोटांतून रक्त आलं तरी दगड थांबेना. आत श्रेया किंचाळली.

"हेबी मारणंच हाय," साळूबाई म्हणाल्या. आवाज न चढवता.

दगड हातातच राहिला. वायर मी ओढून तोडली. हॉर्न थांबला. सांडू कोणी न सांगता धुळीत खाली बसला. घरी चल, हे शब्द त्यानं काढले नाहीत. इंजिनाचा पंचा सोडलाही नाही. साळूबाईंनी आम्हा दोघांना पाणी दिलं, त्या दुष्काळात तांब्या भरून, आणि आम्ही परत आलो.

इंजिन पाठकांकडं गेलं. आवाज त्यांना फार आवडला. पुंजारामांना पुढची दोन वर्षं सांडूनं हातानं जेवू घातलं, आणि ते गेल्यावर दुकान उचलून सिल्लोडला नेलं. श्रेया आता कॉलेजात आहे. साळूबाई तिच्यासह माहेरीच राहतात, सांडू बाजारापलीकडं एकटा राहतो. दर रविवारी तो मोटारसायकल वळणाच्या अलीकडं, नाक्यावर लावतो आणि त्यांच्या घरापर्यंत चालत जातो.