सरांचं अर्ध्यावर तुटलेलं भाषण

वहिनींना घाईचं वावडं. दीर समारंभ शूट करून कॅमेऱ्याचं कार्ड आणून टाकणार आणि "आजच द्या" म्हणून मोकळा होणार. पण फाइली कन्व्हर्ट झाल्याशिवाय वहिनी एडिटिंगला हात लावतील तर शपथ. कॅमेऱ्यातला व्हिडिओ दाबून भरलेल्या बॅगेसारखा असतो. तसाच कापायला घेतला की कॉम्प्युटर धापा टाकतो. कन्व्हर्ट करून मोकळ्या केलेल्या फाइली जागा खातात, तर खाऊ देत बापड्या.

त्या दिवशी मात्र वहिनींचंच धाबं दणाणलं. काम शेजारच्या सरांच्या निरोप समारंभाचं होतं. समारंभाला सरांची बायको, म्हणजे काकू, तापामुळे जाऊ शकल्या नव्हत्या, आणि पाठोपाठ सरांच्या घशाचं ऑपरेशन होऊन त्यांचा आवाज कायमचा गेला. काय बोललो ते लिहून द्यायला सर तयार होते, पण काकूंना तो आवाज हवा होता. दोघं वहिनींच्या मागे येऊन बसले. स्क्रीनवर सर म्हणाले, "आता शेवटचं, माझ्या बायकोबद्दल..." आणि पुढे काळं.

"एवढंच आहे?" काकूंनी विचारलं.

वहिनींनी दिराला फोन लावला.

"मी कॅमेरा बंद केलाच नव्हता, वहिनी. तुम्ही परत दिलेलं कार्ड इथेच आहे, आत्ता पुसायलाच घेत होतो."

"हात लावाल तर याद राखा, भावजी. तसंच घेऊन या."

कार्डावर दोन फोल्डर निघाले. लांब रेकॉर्डिंगचे कॅमेरा आपोआप तुकडे पाडतो. नेमके तिथेच एका फोल्डरात बसणारे फाइलींचे नंबर संपले, म्हणून उरलेला तुकडा त्याने नव्या फोल्डरात ठेवला होता. वहिनींनी पहिलंच फोल्डर उतरवून घेतलेलं.

"मोठी शहाणी मी," त्या स्वतःवरच करवादल्या. पण जीव भांड्यात पडला होता.

"कन्व्हर्ट करायला वेळ लागेल, काकू."

काकूंचा चेहरा बघितला आणि वहिनींनी ती फाइल तशीच लावली. चित्र अडखळत होतं, आवाज मात्र स्वच्छ होता.

"दिवसभर वर्गात बोलायचो आणि घरी येऊन गप्प बसायचो. तिने सगळं चालवून घेतलं. आता रिटायर झालो की फक्त तिच्याशी बोलणार."

सरांनी मान खाली घातली. काकूंनी डोळे पुसले, त्यांना केवढं हायसं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची सरांजवळ ओढली.

"असू दे. आता मी बोलते, तुम्ही ऐका. उलट बोलायची तर तुमची सोयच नाही."

सर हसले. आवाज नव्हता, पण खांदे गदगदा हलत होते.